प्रौढ मेंदूतले नवे न्यूरॉन मोजायचे तर

प्रौढ मेंदूत नवे न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी, तयार होतात की नाही, यावर शंभर वर्षं वाद चालला. माणसाच्या बाबतीत तो अजून पुरता मिटलेला नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा मोठमोठ्या सिद्धांतांचा झगडा असणार. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हिस्टॉलॉजीचं, म्हणजे ऊती कापून-रंगवून बघायचं टेबल सांभाळते आणि माझं मत विचाराल तर यातला निम्मा वाद हातकामाचा आहे. मेंदूचा तुकडा किती तास फिक्सेटिव्हमध्ये (पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या द्रावात) होता, खुणेचं इंजेक्शन कुठल्या दिवशी दिलं, मोजलं कोणी आणि मोजताना त्याला काय काय ठाऊक होतं, यावरून माणसं भांडली. दरवर्षी पीएचडीला नवी मुलं येतात, त्यांना मी हे तोंडी सांगत असते. यंदा लिहून काढते. ज्यांना स्वतः मोजायचं नाही, नुसत्या ‘मेंदूत नव्या पेशी सापडल्या’ छापाच्या बातम्या पारखून वाचायच्या आहेत, त्यांनाही चालेल.

आधी खूण म्हणजे काय ते समजून घ्या. पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची प्रत काढते. तेव्हा तिला थायमिडीन हा डीएनएचा कच्चा माल लागतो. त्या वेळेला थायमिडीनसारखंच दिसणारं पण ओळखू येणारं काही रक्तात असेल, तर पेशी तेच उचलते, डीएनएत गुंफते, आणि ते तिथे राहतं. महिन्याने मेंदू कापून बघितला तरी ज्या केंद्रकात ही खूण दिसते ती पेशी त्या इंजेक्शनच्या सुमारास जन्मली, एवढं म्हणता येतं. एवढंच. ती न्यूरॉन आहे की ग्लिया (न्यूरॉनला साथ देणारी पेशी), जगणार आहे की मरणार, हे खूण सांगत नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं आणि सगळी मारामारी तिथेच झाली.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जोसेफ ऑल्टमन यांनी १९६२ साली पहिल्यांदा हे मांडलं. त्यांची खूण किरणोत्सारी होती: ट्रिटियम घातलेलं थायमिडीन. सेक्शनवर, म्हणजे मेंदूच्या पातळ कापावर, फोटोग्राफिक इमल्शन चढवायचं, स्लाइड कित्येक आठवडे अंधारात ठेवायच्या, मग डेव्हलप करायच्या. ज्या केंद्रकावर चांदीचे काळे कण दिसतील ती नवी पेशी. १९६५ साली ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, हिप्पोकॅम्पसवरचा (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) मोठा अहवाल छापला. हो, दास. या विषयाच्या पायाच्या निबंधावर एक भारतीय नाव आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते माहीत नसतं, म्हणून मी मुद्दाम सांगते. निबंध दुर्लक्षितच राहिला. काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं की प्रौढ मेंदूत सगळं मरू शकतं, नवं काही उगवत नाही. काहाल म्हणजे १९०६ चे नोबेल विजेते, न्यूरोसायन्सचे आद्यपुरुष. त्यांच्याविरुद्ध चांदीचे चार कण कोण मानणार?

पण आक्षेप अगदीच फुसका नव्हता. न्यूरॉनला खेटून छोटी ग्लिया पेशी बसलेली असते. जाड सेक्शनमध्ये वरून बघितलं तर ग्लियाची खूण खालच्या न्यूरॉनची वाटते. मायकल कॅप्लन यांनी १९७७ साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं की खूण असलेल्या पेशींना सिनॅप्स (न्यूरॉन एकमेकांना जोडणारे सांधे) आहेत, म्हणजे ते न्यूरॉनच. तरीही कोणी फारसं ऐकलं नाही. १९८५ साली येल विद्यापीठातले पास्को राकिक यांनी माकडांचे मेंदू तपासून सांगितलं, प्रौढपणी नवे न्यूरॉन मिळत नाहीत. कॅप्लन यांनी शेवटी हे क्षेत्रच सोडलं. मधल्या काळात न्यूयॉर्कला फर्नांडो नॉटेबोम कॅनरी पक्ष्यांच्या गाण्याच्या केंद्रांत नवे न्यूरॉन दाखवत होते, पण पक्ष्यांचं काय एवढं, असं म्हणून लोक पुढे जात.

हे सगळं सांगायचं कारण असं की खालची प्रत्येक पायरी यातल्या कुठल्या ना कुठल्या आक्षेपाचं उत्तर आहे. पायरी का आहे ते ठाऊक नसेल तर माणूस ती गाळतो.

दिवस आधी ठरवा

आम्ही वापरतो ती खूण म्हणजे बीआरडीयू. थायमिडीनच्या जागी बसणारं, ब्रोमीन असलेलं रसायन. किरणोत्सारी नाही, पण डीएनएत शिरणारं असल्यामुळे त्याला हलक्यात घेऊ नका. हातमोजे घाला, पावडर फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) तोला. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर ते काम दुसऱ्याला सांगा. कारण कोणी विचारणार नाही.

इंजेक्शन देण्याच्याही आधी कागद-पेन्सिल घेऊन एक रेघ मारा आणि तिच्यावर दिवस मांडा. सगळ्यात जास्त प्रयोग इथे फुकट जातात. तुम्हाला काय मोजायचं आहे? पेशी जन्मायचा वेग की जन्मलेल्या पेशींचं टिकणं? वेग मोजायचा असेल तर आधी औषध, व्यायाम, ताण जे काही द्यायचं ते द्या, शेवटी बीआरडीयू द्या आणि २ ते २४ तासांत मेंदू काढा. टिकणं मोजायचं असेल तर उलट: आधी बीआरडीयू, मग उपचार, आणि २८ दिवसांनी मेंदू. दोन्ही एकाच गटात उरकायला गेलात की आकडा वाढल्यावर सांगता येत नाही की जन्म वाढले का मरण कमी झालं. नव्या पेशींतल्या बऱ्याचशा पहिल्या काही आठवड्यांतच मरतात, म्हणून हा फरक पुस्तकी नाही.

उदाहरण घ्या. फ्लुओक्सेटिन, म्हणजे नैराश्यावरचं नेहमीचं औषध. येललाच रोनाल्ड डूमन यांच्या गटाने २००० साली दाखवलं की ते रॅटला दोन आठवडे किंवा जास्त दिलं तर हिप्पोकॅम्पसमधला पेशीजन्म वाढतो, एक-दोन डोस किंवा पाच दिवस दिल्याने नाही. रोग्याला गुण यायलाही आठवडे लागतात, त्यामुळे लोकांचे कान टवकारले. आता याच प्रयोगात कोणी बीआरडीयू पहिल्या दिवशी देऊन टाकलं असतं तर? वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं, आणि तेही कळलं नसतं.

मात्रा: साधारण ५० ते १५० मिलिग्रॅम दर किलो वजनाला, पोटात. आम्ही १०० धरतो. सलाइनमध्ये दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम विरघळवा. थंड सलाइनमध्ये ते कुरकुर करतं, कोमट करून हलवा. २५० ग्रॅमच्या रॅटला २५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिलिटर. पिचकारीत भरण्याआधी बाटली उजेडाकडे धरून बघा, तळाला कण दिसत असतील तर त्या रॅटला नेमकी किती मात्रा गेली हे कोणीच सांगू शकणार नाही. २००१ साली कॅमरन आणि मॅके यांनी मात्रा वाढवत नेऊन दाखवलं की त्या वेळी प्रचलित असलेल्या कमी मात्रेत बऱ्याच पेशी निसटतात. तरुण रॅटमध्ये रोज सुमारे ९,००० नव्या पेशी जन्मतात, असा त्यांचा हिशेब. म्हणून दोन निबंधांतले आकडे शेजारी ठेवताना आधी मात्रा बघा.

आणि हो, यातलं काहीही संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय नाही. अर्जात प्राण्यांची संख्या का तेवढीच, हे लिहावं लागतं. ते लिहिताना बहुतेकांना पहिल्यांदा कळतं की आपला प्रयोग आपल्याला नीट समजलेला नाही. मला ती समिती त्यासाठीही आवडते.

मेंदू फिक्स करणं

हे एकट्याने शिकू नका. कोणीतरी जुनं माणूस शेजारी उभं हवं. भूल खोल आहे ना, हे पायाच्या बोटांत चिमटा घेऊन बघायचं. पाय जराही आखडला तर थांबायचं. मग हृदयातून आधी सलाइन, रक्त धुऊन जाईपर्यंत. यकृत बघत राहा. गडद तांबडं यकृत फिकट, मातकट पिवळसर झालं की रक्त गेलं. नाही झालं तर सुईची जागा चुकली आहे. मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, ज्याला सगळे पीएफए म्हणतात. शेपूट आणि मान ताठ होईपर्यंत.

पीएफए ताजं करा. फॉस्फेट बफर ६० अंशांपर्यंत तापवायचा, फार वर नाही, पावडर टाकायची, सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब सोडत ढवळायचं. दुधाळ द्रव एकदम पारदर्शक होतो. गार करा, गाळा, पीएच ७.४ वर आणा. सगळं फ्यूम हूडमध्ये. वास आला तर हूड बंद आहे किंवा तुमचं डोकं हूडच्या आत आहे.

मेंदू काढून रात्रभर ४ अंशांवर त्याच द्रावात ठेवायचा. रात्रभर म्हणजे रात्रभर. शुक्रवारी संध्याकाळी ठेवून सोमवारी आलात तर चालेल, असं समजू नका. नव्या न्यूरॉनची जी नाजूक प्रथिनं शोधायची असतात ती जास्त फिक्स झाली की अँटीबॉडीला, म्हणजे नेमक्या एकाच गोष्टीला चिकटणाऱ्या रेणूला, सापडेनाशी होतात. मग ३० टक्के साखरेच्या द्रावात. मेंदू आधी तरंगतो, दोन-तीन दिवसांत बुडतो. बुडाला की कापायला तयार. घाई केलीत तर गोठवताना आत बर्फाचे स्फटिक होतात आणि सेक्शनला भोकं पडतात.

सेक्शन आणि ब्रश

क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेला मेंदू कापायच्या थंड यंत्रावर, ४० मायक्रॉन जाडीचे काप. पावसाळ्यात खोलीची दमट हवा चेंबरमध्ये शिरते, पात्यावर आणि काच-प्लेटवर हिम साचतं, काप गोळा होऊन बसतात. झाकण उघडं ठेवून गप्पा मारायच्या नाहीत.

काप ओळीने सहा खणांत टाकायचे: पहिला पहिल्या खणात, सहावा सहाव्यात, सातवा परत पहिल्यात. रॅटचा हिप्पोकॅम्पस पुढून मागे साधारण ५ मिलिमीटर पसरलेला, म्हणजे सव्वाशेच्या आसपास काप, एका खणात वीसेक. प्रत्येक खण म्हणजे पूर्ण हिप्पोकॅम्पसचा समान अंतराने घेतलेला नमुना. एका खणावर बीआरडीयू करा, दुसऱ्यावर डीसीएक्स (कोवळ्या न्यूरॉनचं प्रथिन), तिसऱ्यावर केआय-६७ (दुभंगणाऱ्या पेशीचं प्रथिन), बाकीचे इथिलीन ग्लायकॉल आणि साखरेच्या द्रावात उणे २० अंशांवर. तिथे ते वर्षानुवर्षं टिकतात. पुढे कोणी शंका काढली तर त्याच प्राण्याचे काप हाताशी असतात. कापताना एखादा काप फाटला, हरवला, तर वहीत त्या जागी तसं लिहा आणि मोजणी पुढे न्या. खणांचा क्रम मात्र बिघडवू नका.

सैल तरंगणारे काप एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायला मऊ केसांचा बारीक ब्रश लागतो. चित्रकलेच्या दुकानात मिळतो तोच. टोकदार चिमट्याने उचलायला गेलात तर हिप्पोकॅम्पस नेमका मधून फाटणार. ब्रश कापाखाली सरकवायचा, काप त्याच्यावर आपणहून दुमडू द्यायचा आणि दुधावरची साय उचलावी तसा वर घ्यायचा. सोडताना ब्रश पाण्यात टेकवून हलकेच फिरवला की तो सुटतो. स्लाइडवर चढवताना तर हात अजून हळू. कापाच्या एका कडेला पाणी ठेवून, दुसरी कडा काचेला चिकटवून, मग ब्रशने घड्या काढायच्या. जिलेटिन लावलेल्या स्लाइड आमच्याकडे जुलैत लवकर वाळत नाहीत आणि बुरशी धरते. पैसे असतील तर तयार चार्ज्ड स्लाइड घ्या, नसतील तर वाळवायला डेसिकेटर. हे ब्रशचं काम जमलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ, म्हणून मी मुलांना कन्फोकल मायक्रोस्कोपला हात लावू देण्याआधी जुन्या, टाकाऊ कापांवर बसवते. काहींना राग येतो. येऊ दे.

आम्ल, अँटीबॉडी, आणि आतड्याचा तुकडा

बीआरडीयू डीएनएच्या दुहेरी पेडात लपलेलं असतं. अँटीबॉडीला तिथवर पोचवायचं तर पेड उकलावा लागतो. त्यासाठी २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ३७ अंशांवर अर्धा तास. मग बोरेट बफर, पीएच ८.५, दहा मिनिटं, म्हणजे उरलेलं आम्ल मरेल. आम्लातून आलेले काप मऊ पडतात, कडा वळतात, आणि इथे ब्रश धरणाऱ्या हाताची परीक्षा होते. काही प्रथिनांना हे आम्ल सोसत नाही. दोन खुणा एकत्र बघायच्या असतील तर आधी एका फालतू कापावर करून बघा. ईडीयू नावाची दुसरी खूण आहे, तिला आम्ल लागत नाही. पण बऱ्याच बीआरडीयू अँटीबॉडी ईडीयूलाही चिकटतात, तेव्हा दोन्ही एकाच प्राण्यात वापरायच्या असतील तर अँटीबॉडी तपासून घ्या.

माउसच्या, म्हणजे छोट्या उंदराच्या, मेंदूवर माउसमध्येच बनलेली अँटीबॉडी वापरलीत तर सगळ्या रक्तवाहिन्या उजळतील. त्यासाठी रॅटमध्ये बनलेली घ्या. हे डब्यावर लिहिलेलं असतं, तरीही दरवर्षी कोणीतरी येऊन विचारतंच.

प्रत्येक वेळी सोबत त्याच प्राण्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा रंगवा. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सतत दुभंगत असतात. तिथे खूण दिसली आणि मेंदूत नाही, तर मेंदूत खरंच कमी आहे. तिथेही दिसली नाही, तर इंजेक्शन, आम्ल किंवा अँटीबॉडी यातलं काहीतरी गंडलं आहे आणि मेंदूबद्दल तुम्हाला अजून काहीच कळलेलं नाही. बीआरडीयू न दिलेल्या प्राण्याचा एक कापही ठेवा. तो कोराच दिसला पाहिजे. बीआरडीयू मेंदूपर्यंत रक्तातून जातं आणि पळणाऱ्या उंदराचा रक्तप्रवाहच वेगळा असतो, असा एक आक्षेप आहे. म्हणून केआय-६७ सारखी, पेशीची स्वतःची, बाहेरून न दिलेली खूण जोडीला हवी.

मोजणी

हिप्पोकॅम्पसच्या आडव्या पडलेल्या ‘व्ही’ आकाराच्या पट्ट्याला डेंटेट गायरस म्हणतात. त्याच्या आतल्या कडेला, दोन पेशींच्या रुंदीची एक पट्टी, तिथे जनन होतं. इंजेक्शननंतर एका दिवसाने बघितलं तर तिथे गडद, वेड्यावाकड्या आकाराची केंद्रकं घोळक्यांनी बसलेली दिसतात, एकमेकांना इतकी खेटून की दोन की तीन हे फोकस वर-खाली केल्याशिवाय कळत नाही. चार आठवड्यांनी बघितलं तर संख्या कमी झालेली असते, केंद्रकं गोल, मोठी, ठिपक्याठिपक्यांची, आणि बरीचशी ग्रॅन्युल थरात थोडी आत सरकलेली. हा फरक डोळ्यांत बसेपर्यंत मोजायला घेऊ नका. जुन्या स्लाइड काढून बघत बसा, आणि ज्याला मोजता येतं त्याने मोजलेली स्लाइड स्वतः मोजून आकडे जुळवा.

स्लाइडवरची लेबलं दुसऱ्याने झाकायची आणि कोड लिहायचे. कोडची वही मोजणाऱ्याकडे नको. ‘मी तटस्थ राहीन’ असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, स्वतःवरही नाही. धूसर पेशी घ्यायची का सोडायची, हा निर्णय एका मेंदूत अनेकदा करावा लागतो आणि ही स्लाइड औषधवाल्या गटातली आहे हे ठाऊक असलं की हात आपोआप एकीकडे झुकतो.

समजा एका खणात ३०० पेशी मिळाल्या. गुणिले ६, म्हणजे पूर्ण हिप्पोकॅम्पसमध्ये १,८००. आता यातले न्यूरॉन किती? कन्फोकलवर ५० बीआरडीयू पेशी घ्या, न्यूएन या प्रौढ न्यूरॉनच्या खुणेबरोबर. प्रत्येक पेशी तिन्ही बाजूंनी फिरवून बघा, वरून, डावीकडून, खालून. दोन्ही रंग एकाच केंद्रकात, सगळ्या कोनांतून, जुळले पाहिजेत. वर सांगितलेला जुना आक्षेप, शेजारच्या ग्लियाचा, इथे निकालात निघतो. ५० पैकी ४० जुळले तर ८० टक्के. १,८०० चे ८० टक्के म्हणजे १,४४० नवे न्यूरॉन. माउसवर काम असेल तर जास्त थांबा. रॅटमध्ये नवे न्यूरॉन माउसपेक्षा आठवडा-दोन आठवडे लवकर पिकतात, त्यामुळे रॅटचं वेळापत्रक उचलून माउसला लावलंत तर न्यूएनचा आकडा कमी येईल आणि तुम्ही उगाच निष्कर्ष काढाल.

आणि आकडेवारीत ‘एन’ (नमुन्यांची संख्या) म्हणजे प्राणी. काप नाही, पेशी नाही. आठ रॅटचे वीस-वीस काप घेऊन ‘एन १६०’ लिहिणारा मुलगा मी परत पाठवते.

माणसाच्या मेंदूची बातमी वाचताना

निरोगी माणसाला बीआरडीयू टोचता येत नाही. म्हणून १९९८ चं काम एवढं गाजलं. स्वीडनमध्ये काही कर्करोगी रुग्णांना गाठ किती वेगाने वाढते हे तपासण्यासाठी बीआरडीयू दिलेलं होतं. ते वारल्यावर पाच जणांचे मेंदू पीटर एरिक्सन आणि कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेचे फ्रेड गेज यांनी तपासले. रुग्ण ५७ ते ७२ वयाचे. डेंटेट गायरसमध्ये खूण मिळाली, न्यूरॉनच्या खुणेबरोबर. मग २०१३ साली स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने खूण आयतीच वातावरणातून घेतली. शीतयुद्धातल्या उघड्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढलं, १९६३ च्या बंदीनंतर ते उतरत गेलं. पेशी जन्मते तेव्हाच्या हवेचं प्रमाण तिच्या डीएनएत उतरतं. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला: प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज साधारण ७०० नवे न्यूरॉन. या विषयातली माझी सगळ्यात आवडती युक्ती हीच. अणुबॉम्बचा एवढा तरी उपयोग झाला.

२०१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये महिन्याभरात दोन निबंध आले. एक म्हणे प्रौढ माणसात सापडत नाहीत, दुसरा म्हणे ७९ वर्षांपर्यंत सापडतात. वर्तमानपत्रांची चंगळ. २०१९ साली माद्रिदच्या मारिया ल्योरेन्स-मार्तिन यांच्या गटाने मूळ प्रश्न टेबलावर आणला: फिक्सेटिव्हमध्ये किती तास? मेंदू जास्त वेळ पडून राहिला की डीसीएक्सची खूण मावळते. वेळ कडक सांभाळली तर ८७ वर्षांच्या माणसातही तरुण न्यूरॉन दिसले, आणि अल्झायमरच्या रुग्णांत ते कमी होते. २०२५ साली फ्रिसेन यांच्याच गटाने एकेका केंद्रकाचं आरएनए वाचून प्रौढांत दुभंगणाऱ्या पूर्वज पेशी दाखवल्या. माणसामाणसांत फरक मात्र खूप, काहींत भरपूर, काहींत जवळजवळ नाहीत. तेव्हा बातमी आली की आधी तीन गोष्टी शोधा: मृत्यूनंतर किती तासांनी मेंदू काढला, किती तास फिक्स केला, आणि ‘न्यूरॉन’ म्हणायला एकच खूण वापरली की दोन-तीन. ‘शब्दकोडं सोडवा, नव्या पेशी उगवतील’ असं पुढे येतं त्याला यातलं एकही उत्तर नसतं. पळण्याबद्दल उंदरांत तरी पुरावा आहे. १९९९ साली हेन्रिएट व्हॅन प्राग यांनी चाकावर पळणाऱ्या माउसमध्ये वाढ दाखवली.

यात नोकरी करायची असेल तर

मुलांचे आईवडील विचारतात, म्हणून लिहिते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, अगदी भौतिकशास्त्रातूनही इकडे येता येतं. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बंगळुरूच्या एनसीबीएससारख्या संस्थांसाठी डिसेंबरात होणारी संयुक्त परीक्षा, बाकी ठिकाणी नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती देणारी राष्ट्रीय परीक्षा. जेआरएफची रक्कम २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, त्यात पुण्या-मुंबईत भाडं भरून घरी पैसे पाठवायचे म्हणाल तर ओढाताण होते, हे आधी घरी सांगून ठेवा. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. एक २८ दिवसांचा प्रयोग कागदावर २८ दिवसांचा असतो. प्राणी वाढवणं, कापणं, रंगवणं, मोजणं धरलं की सहा महिने कुठे गेले कळत नाही.

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य २००० सालापासून याच प्रांतात काम करतात: सेरोटोनिन, ताण, नैराश्यावरची औषधं, हिप्पोकॅम्पस. त्यांची पीएचडी वर सांगितलेल्या डूमन यांच्याकडची. २०१५ चा भटनागर पुरस्कार, २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार. त्यांचे निबंध वाचताना निष्कर्षाच्या आधी पद्धतीचा भाग वाचा. ऑल्टमन यांचीही कारकीर्द बघा. दुर्लक्ष झालं तसे ते इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात गेले, दासही तिथेच, आणि मेंदूच्या वाढीचे ॲटलास करत बसले. २०११ चा स्पेनचा प्रिन्स ऑफ अ‍ॅस्टुरियस पुरस्कार आणि २०१२ चं जपानचं जीवशास्त्राचं पारितोषिक मिळालं तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. एवढं थांबायची तयारी प्रत्येकाची नसते आणि असायलाच हवी असंही नाही. कॅप्लन यांचं सोडून जाणं मला तितकंच समजतं.

लॅब निवडताना गाइडच्या नावाबरोबर टेबलही बघा. मुलाखतीला गेलात की तिथल्या पीएचडीच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा: नव्या माणसाला सेक्शन कोण शिकवतं, जुन्या प्राण्यांचे उरलेले काप ठेवलेत का फेकलेत, आणि कोडची वही कोणाकडे असते. तिसऱ्या प्रश्नावर ‘कुठली वही?’ असं उत्तर आलं, तर दुसरी लॅब बघा.